रुबार्बचे देठ आणि घरचा खाऊ

जुन्या मराठी घरांतील औषधांच्या बटव्यांत हिरडा, वेखंड, सुंठ यांच्या जोडीला रेवाचिनीचा एखादा पिवळा तुकडाहि कधीं कधीं सांपडत असे. कोठा साफ करणारें एक औषध, एवढीच तिची ओळख. काष्ठौषधींच्या दुकानांत ती आजहि मिळते. ही रेवाचिनी ज्या वनस्पतीचें मूळ आहे, तिच्याच एका सख्ख्या बहिणीचे देठ इंग्लंड-अमेरिकेंतील गृहिणी दर वसंत ऋतूंत चिरतात, साखरेंत घोळतात आणि त्यांच्या वड्या व बिस्किटें भाजून मुलांच्या हातावर ठेवतात, हें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. या देठांना तिकडे रुबार्ब म्हणतात. मूळ औषधाचें, पान विषाचें आणि देठ तेवढा खाऊचा, अशी या घराण्याची तऱ्हा आहे. आणि खाऊ करावयास बसणारीला ही वांटणी आधीं ठाऊक असावी लागते.

रुबार्बच्या जमिनींतील गड्ड्यामधून हातभर लांबीचे, बोटाएवढे जाड देठ निघतात. प्रत्येकाच्या शेंड्याला अळवाच्या पानाएवढें, किंबहुना त्याहूनहि मोठें, सुरकुतलेलें पान असतें. देठ कधीं लालभडक, कधीं गुलाबी, तर कधीं साफ हिरवा. हिरवा म्हणजे कच्चा, अशी पुष्कळांची समजूत असते, ती खोटी आहे. तो केवळ जातीचा फरक. कच्चा देठ चावला तर दांत आंबतात. हा आंबटपणा मराठी जिभेला अगदींच परका मात्र नाहीं. भाजीबाजारांतला चुका हा रुबार्बच्याच कुळांतला. उत्तर हिंदुस्थानांत उपासाला चालणारें कुट्टूचें पीठहि त्याच कुळांतलें.

परदेशीं संसार थाटलेल्या मराठी स्त्रीला नेमका या ओळखीचाच धोका आहे. नव्यानें घेतलेल्या घराच्या परसांत आधींच्या बिऱ्हाडानें लावलेला रुबार्बचा गड्डा थंडी सरतांच फुटतो. पान पाहावें तर अळूसारखें, चव पाहावी तर चुक्यासारखी! अळूचुक्याची पातळ भाजी ज्या घरांत सणावाराला होते, त्या घरच्या सुगरणीच्या मनांत काय येईल हें सांगावयास नको. पण तें मुळींच करूं नये. अळूमध्यें ऑक्झॅलेटच्या न विरघळणाऱ्या सूक्ष्म सुया असतात. त्यांनीं घसा खवखवतो, आणि चिंच घालून नीट शिजविलें म्हणजे तो त्रास टळतो. रुबार्बच्या पानांतील ऑक्झॅलिक आम्लाचा मोठा भाग विरघळणारा असतो. तें आंतड्यांतून रक्तांत जातें, रक्तांतील कॅल्शियमला बांधून टाकतें आणि मूत्रपिंडांत त्याचे स्फटिक सांचतात. कितीहि उकळलें, कितीहि चिंच घातली, तरी पान खाण्यालायक होत नाहीं.

ही चूक प्रत्यक्ष घडलेली आहे, आणि ती कांहीं अडाण्यांच्या हातून नव्हे. पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनीं ब्रिटनकडे येणारीं धान्याचीं जहाजें बुडविण्याचा सपाटा लावला. १९१७ च्या सुमारास तेथें अन्नाची चिंता सर्वत्र होती. अशा वेळीं पालेभाजीऐवजीं रुबार्बचीं पानें खावींत, अशी शिफारस लोकांना करण्यांत आली. हेतु चांगला होता. सल्ला शहाण्या माणसांनीं दिलेला होता. म्हणूनच तो मानला गेला. कांहीं माणसें आजारी पडलीं, मृत्यूहि घडले, आणि मग वैद्यकीय नियतकालिकांतून पानांच्या विषारीपणाविषयीं इशारे छापावे लागले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या देठ चिरतांना पान कापून टाकण्याची रीत होती, तेथल्या आजीबाईंना ऑक्झॅलिक आम्लाचें नांवहि ठाऊक नव्हतें. पण त्या पान टाकीत होत्या, आणि त्यांचें बरोबर होतें. देठ बाजारांतून आणला असो वा परसांतून, पान आणि त्याच्या बुडाशीं असलेला बोटभर भाग कापून टाकावा, मगच विळी हातांत घ्यावी. टाकलेलीं पानें खताच्या खड्ड्यांत खुशाल जाऊं द्यावींत. तेथें तीं कुजून निरुपद्रवी होतात. देठांत हें आम्ल पुष्कळच कमी असतें; त्यांचा आंबटपणा मुख्यतः सफरचंदांत असणाऱ्या मॅलिक आम्लाचा. तरी ज्यांना मुतखड्याची व्यथा आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून हा खाऊ खाऊं नये.

देठ खाण्याची रीत तशी फार जुनी नव्हे. अठराव्या शतकांत युरोपांत रुबार्ब म्हणजे मूळच. तें चीनमधून उंटांच्या तांड्यांनीं रशियाच्या सरहद्दीवरील क्याख्ता या गांवीं येई, आणि तेथून तें विकण्याचा मक्ता दीर्घ काळ रशियन सरकारनें आपल्या हातीं ठेवला होता. १८३९ सालीं चीनचा अधिकारी लिन् त्से-श्यू यानें अफूचा व्यापार थांबवावा म्हणून व्हिक्टोरिया राणीला उद्देशून जें पत्र लिहिलें, त्यांत चहा व रेवाचिनी या चीनच्या वस्तूंवांचून परदेशीयांचें चालत नाहीं, असा मुद्दा त्यानें मांडला होता. जुलाबाच्या औषधाला राजकारणांत इतका मान क्वचितच मिळाला असेल!

देठाला दिवस आले ते साखर स्वस्त झाल्यावर, एकोणिसाव्या शतकांत. साखरेवांचून रुबार्ब म्हणजे शिक्षाच. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें १९४० सालीं साखरेचें नियंत्रण आलें आणि तें १९५३ पर्यंत टिकलें, तेव्हां तेथील मुलांच्या वांट्याला तो कमी साखरेचा आला. त्या पिढींतल्या पुष्कळांच्या मनांत रुबार्बविषयीं जो राग राहिला, त्यांत बिचाऱ्या देठाचा दोष थोडाच.

लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेंत १८१७ सालीं रुबार्बच्या कांहीं गड्ड्यांवर चुकून माती पडली. माती काढतांना खालीं फिकट, कोंवळे आणि गोडसर कोंब निघालेले आढळले. या अपघातांतून एक धंदा उभा राहिला. यॉर्कशायर परगण्यांत वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या गांवांच्या त्रिकोणांत १८७७ पासून त्यासाठीं खास लांबट, बुटक्या आणि पूर्ण अंधाऱ्या छपऱ्या बांधल्या गेल्या. गड्डे दोन वर्षें उघड्या शेतांत वाढवावयाचे, त्यांचा एकहि देठ तोडावयाचा नाहीं, थंडीचा कडाका त्यांना पुरेसा लागूं द्यावयाचा, आणि मग उपटून आंत उबेंत आणावयाचे. गड्ड्यांत सांचलेल्या पिष्टाची साखर होते आणि प्रकाश शोधणारे देठ झपाट्यानें वाढूं लागतात. इतके, कीं कोंब फुटतांनाचा टपटप आवाज शांतपणें ऐकणाऱ्याला ऐकूं येतो. देठ काढावयाचे तेहि मेणबत्तीच्या उजेडांत, कारण जास्त प्रकाश लागला तर ते हिरवे व राठ होतात. हे गुलाबी देठ जानेवारीपासून मार्चपर्यंत बाजारांत असतात. त्या दिवसांत दुसरें ताजें फळ तिकडे पिकत नसे, म्हणून त्यांची महती. एके काळीं लंडनला रोज रात्रीं रुबार्बनें भरलेली खास आगगाडी जात असे. आतां हा धंदा करणारीं कुटुंबें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. २०१० सालीं मात्र यॉर्कशायरच्या या रुबार्बला युरोपीय संघाचें नामसंरक्षण मिळालें. उघड्यावरचा, जास्त आंबट आणि जास्त घट्ट देठ एप्रिलपासून जूनपर्यंत येतो, आणि भाजण्याच्या कामाला खरा तोच चांगला.

देठ म्हणजे भाजी कीं फळ? १९४७ सालीं अमेरिकेंत बफेलो येथें जकातीच्या न्यायालयासमोर हा प्रश्न आला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ती भाजीच. परंतु तेथील स्वयंपाकघरांत तिचा उपयोग फळासारखा होतो, म्हणून जकातीपुरतें तें फळ, असा निकाल लागला. गृहिणीची चूल शास्त्रज्ञाच्या ग्रंथाहून अधिक प्रमाण मानली गेल्याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्या चुलीपाशीं आतां यावयाचें. रुबार्बच्या देठांत शेंकडा ९३-९४ भाग पाणी असतें. सगळी अडचण या पाण्याची आहे. नुसते तुकडे पिठांत मिसळून भाजले तर वडी खालून गिच्च होते आणि बिस्किट पसरून चपटें होतें. मग दोष ओव्हनला दिला जातो. साखरांबा करणाऱ्या मराठी गृहिणीला मात्र यावरचा उपाय शिकवावा लागत नाहीं. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली कीं पाणी सुटतें, आणि तें आटल्यावांचून साखरांबा टिकत नाहीं. येथेंहि तसेंच. अर्धा किलो देठ धुऊन बोटाच्या पेराएवढे कापावेत, १५० ग्रॅम साखर लावून अर्धा तास ठेवावेत, आणि सुटलेल्या पाण्यांतच मंद आंचेवर शिजवावेत. वरून पाण्याचा थेंबहि घालूं नये. देठ दहा मिनिटांत विरघळूं लागतात. दोन मोठे चमचे मक्याचें पीठ थोड्या गार पाण्यांत कालवून त्यांत सोडावें आणि चमचा फिरविला असतां तळ क्षणभर उघडा दिसेपर्यंत आटवावें. चिमूटभर सुंठ घालावी. रुबार्ब आणि आलें यांची जोडी इंग्रजी घरांत जुनी आहे. वेलची घातल्यास बिघडत नाहीं, पण ती रुबार्बचा स्वतःचा वास झांकून टाकते, तेव्हां हात आंखडता ठेवावा.

भांड्याविषयीं एक गोष्ट. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें, हें ज्या घरांत ठाऊक आहे त्या घरांत अधिक सांगणें नको. रुबार्ब पितळेंत, तांब्यांत किंवा अल्युमिनियममध्यें शिजवूं नये. पोलादी वा मुलाम्याचें भांडें घ्यावें. करपलेल्या पातेल्यांत रुबार्बचे देठ उकळले म्हणजे पातेलें लख्ख होतें, ही तिकडची जुनी युक्ति आहे; ती याच आम्लाची करामत.

हें सारण थंड होऊं द्यावें. तिकडे ज्याला बार म्हणतात, त्याला मराठींत वडीच म्हणावें. कारण तो थापून, भाजून, गार झाल्यावर सुरीनें कापावयाचा. २०० ग्रॅम मैदा, १३० ग्रॅम ओटचे पोहे, १३० ग्रॅम तपकिरी साखर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र करून त्यांत १७० ग्रॅम थंड लोणी बोटांनीं चोळावें. मळूं नये, रवाळ राहिलें पाहिजे. यांतलें दोन-तृतीयांश २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यांत कागद घालून घट्ट दाबावें, त्यावर सारण पसरावें आणि उरलेलें मिश्रण वरून सैल भुरभुरावें. १८० अंश सेंटिग्रेडवर ३५ ते ४० मिनिटें, वरचा रंग सोनेरी होईपर्यंत भाजावें. यानंतर जें करावें लागतें तें सर्वांत कठीण: थांबणें. गरम असतांना कापलेली वडी ढासळते. दोन तासांनीं ती धारदार सुरीनें नीट सुटते. यांत अंडें नाहीं, त्यामुळें अंडें न चालणाऱ्या घरांतहि ती होऊं शकते.

बिस्किटांची, म्हणजे अमेरिकेंतील कुकींची, गोष्ट वेगळी. कुकी हा शब्द लहान केक या अर्थाच्या डच शब्दावरून आला आहे, आणि लक्षणहि तेंच, आंतून किंचित् मऊ. नानकटाईच्या खुसखुशीतपणाची अपेक्षा येथें ठेवूं नये. ११५ ग्रॅम लोणी आणि १२५ ग्रॅम तपकिरी साखर फेंसून त्यांत एक अंडें घालावें. मग १७५ ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम ओटचे पोहे, अर्धा लहान चमचा सोडा, मीठ आणि थोडी दालचिनी. १५० ग्रॅम देठ मात्र वाटाण्याहून मोठे चिरूं नयेत. त्यांना दोन चमचे साखर लावून अर्धा तास चाळणींत निथळूं द्यावें, स्वच्छ पंचांत टिपावें आणि सर्वांच्या शेवटीं हलक्या हातानें मिसळावें. चमच्यानें गोळे ठेवून १८० अंशांवर १४-१५ मिनिटें भाजावें व जाळीवर काढावें. डब्यांत कोंडलेल्या या कुकी दुसऱ्या दिवशीं पार मऊ पडतात, कारण देठांतील ओल हळूहळू पिठांत उतरते. त्यामुळें करावयाच्या त्या माणसें मोजून, त्याच संध्याकाळीं संपतील इतक्याच. वडी मात्र फ्रिजमध्यें चार दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशीं अधिक चांगली लागते.

मुंबई-पुण्याच्या हवेंत रुबार्ब रुजत नाहीं. गड्ड्याला हिंवाळ्यांत कडक थंडीची झोंप लागते, ती येथें मिळत नाहीं. हिमालयांत त्याचे रानटी भाऊबंद उंचावर वाढतात. परसांत गड्डा असलेल्यांनीं लावल्याच्या पहिल्या वर्षीं कांहीं तोडूं नये, आणि पुढेंहि जून संपतां संपतां हात आंवरावा, म्हणजे उरलेलीं पानें गड्ड्यांत पुढच्या वर्षाची शिदोरी सांठवितात. देठ सुरीनें कापूं नये. बुडाशीं धरून किंचित् पिळून ओढावा. जास्तीचे देठ चिरून बर्फाच्या कप्प्यांत ठेवले तर हिंवाळ्यापर्यंत राहतात. ते वितळतांना पुष्कळ पाणी सुटतें. तें सारणांत न घालतां वेगळें गाळून घ्यावें. साखर, चिमूटभर मीठ आणि थंड पाणी घातलें कीं त्याचें पन्हें होतें, आणि देठ लाल जातीचे असतील तर तें गुलाबी होतें.