बारा माणसांची साक्ष

कविता लिहिणाऱ्या माणसाने मोबाईलवरील खेळांविषयी काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण प्रश्न प्रकाशनाचा आहे, आणि त्याच्याशी माझा जुना संबंध आहे.

कवितासंग्रह काढायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. त्याचा आयएसबीएन क्रमांकही सरकार विनामूल्य देते. मोबाईलवरच्या खेळाचे तसे नाही. तो लोकांपर्यंत पोचवायचा तर बहुधा ॲप स्टोअरच्या दारातूनच जावे लागते.

आमच्या दारव्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने अष्टाचंगाचा खेळ मोबाईलसाठी तयार केला. ओट्यावर खडूने आखलेली तीच पंचवीस घरे. चार कवड्या उताण्या पडल्या की चंग, पालथ्या पडल्या की अष्टा. सूचना सगळ्या मराठीत. खेळ तयार झाला. पुढे कागदपत्रांचा डाव सुरू झाला.

गुगलच्या प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच पंचवीस डॉलर. ॲपलकडे दरवर्षी नव्व्याण्णव. मग ओळखपत्राची पडताळणी. खेळ कुणाची माहिती गोळा करीत नसला तरी गोपनीयता धोरणाचे पान हवेच. वयोगट ठरवणाऱ्या प्रश्नावलीत जुगाराविषयीही विचारतात. कवड्यांना काय म्हणायचे, यावर आम्ही बराच वेळ हसलो.

खरी अट पुढे आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गुगलकडे वैयक्तिक खाते उघडणाऱ्याने आपले ॲप आधी वीस जणांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावे, असा नियम आला. डिसेंबर २०२४ मध्ये वीसाचे बारा झाले. पुण्यातल्या संगणक कंपनीत बारा जण एका मजल्यावर भेटतात. इथे ती मोहल्ल्यात घरोघर फिरली. त्या बारांत मीही एक होतो.

संस्थेच्या खात्याला ही अट नाही. पण त्यासाठी संस्था हवी आणि तिचा डी-यू-एन-एस नावाचा नऊ आकडी क्रमांक हवा. वैयक्तिक खात्यावरून खेळ विकून पैसे मिळवायचे ठरवले, तर निर्मात्याचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सर्वांना दिसतो. घरातच काम करणाऱ्या मुलीने तो पत्ता जगाला द्यायचा का? तिच्या आईने नाही म्हटले. खेळ फुकट ठेवायचे ठरले.

नियम विनाकारण आलेले नाहीत. बनावट कर्ज-ॲपवाल्यांनी माणसांना किती छळले, हे आपण जाणतो. दुकानदाराने माल तपासावाच. पण बारा माणसे गोळा करता येणे ही खेळाच्या चांगुलपणाची परीक्षा नव्हे. ती निर्मात्याच्या ओळखीपाळखीची परीक्षा आहे.

तो नियम दारव्ह्यातून बदलणार नाही. मात्र तालुक्याच्या महाविद्यालयांना दोन गोष्टी करता येतील. संगणकाच्या विद्यार्थ्यांचा एक परीक्षक गट कायम तयार ठेवावा, आणि संस्थेच्या नावाने खाते काढून होतकरूंचे खेळ तिथून प्रसिद्ध करावेत. मग पत्ता संस्थेचा दिसेल, घराचा नाही. नवोदितांचे कवितासंग्रह काढणारी मंडळे आपल्याकडे गावोगाव झाली. खेळ करणाऱ्या मुलांनाही तसाच आधार हवा आहे. तो मिळाला, तर पुढच्या मुलीला कमाई आणि घराचा पत्ता यांतून एक निवडावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)