इंजिनाची धग आणि पेट्रोलची नळी

पेट्रोल नळीतच उकळले, तर पंपाच्या हाती वाफ लागते. पंप ती नुसती दाबत आणि सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि इंजिन गचके खात बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. वाशीमकडच्या उन्हाळ्यात जुन्या पेट्रोल मोटारी अशाच अडून बसत आणि चालक पंपावर ओले फडके टाकून त्या पुन्हा सुरू करत. आकाशात हा उपाय करता येत नाही.

कारखान्यात तयार झालेल्या विमानात इंधनाची मांडणी आधीच तपासलेली असते. घरी बांधलेल्या विमानात ती बांधणाऱ्यालाच ठरवावी लागते. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले; ते २०१६ मध्ये लोकांसमोर आले आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. असे विमान उभे करणाऱ्याला पंख आणि सांगाड्याइतकाच विचार काउलिंगखालच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखालच्या, हातभर नळीचाही करावा लागतो.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरच्या माथ्याचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि एक्झॉस्टमधला वायू ७०० अंशांच्या वर असतो. विमानाच्या पेट्रोलचा दहावा हिस्सा मात्र ७५ अंशांच्या आतच उडून जातो. उंचीवर हवेचा दाब घटला की ते आणखी लवकर उकळते. इथेनॉल मिसळलेले मोटारीचे पेट्रोल त्याहून नाजूक.

म्हणून पहिला उपाय जागेचा. ओढणाऱ्या पंपामागे नळीतला दाब कमी होतो आणि वाफ तिथेच धरते. त्यामुळे विजेचा पंप फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या, थंड बाजूला, टाकीजवळ आणि खाली बसवून पेट्रोल पुढे ढकलावे. पाणी आणि कचरा अडवणारी गॅस्कोलेटरची वाटी बहुधा फायरवॉलच्या तळाशी, एक्झॉस्ट पाइपच्या शेजारीच येते. दोघांमध्ये स्टेनलेस पत्रा बसवावा, पण वाटीला चिकटवून नव्हे. मधून हवा वाहिली तरच त्याचा उपयोग. इंजिनावरच्या पंपाला समोरच्या हवेची एक लहान नळी दिली की तोही निवतो. जास्तीचे गरम पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी असेल, तर वाफही तिच्यासोबत निघून जाते.

नळीवरचे फायरस्लीव्ह, म्हणजे सिलिकॉन चढवलेले काचतंतूंचे वेष्टण, आग लागल्यास वेळ मिळवून देते. रोजच्या धगीवर त्याचा भरवसा धरणे चूक आहे: ते उष्णता उशिरा आत जाऊ देते, आणि एकदा आत गेलेली उशिराच बाहेर सोडते.

सर्वांत अवघड वेळ इंजिन बंद केल्यानंतरची. वारा थांबतो, तापलेले धातू उष्णता सोडत राहतात आणि काउलिंगखालचे तापमान काही काळ चढतच जाते. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे करणे आणि काउलिंगची झडप उघडी ठेवणे इथे कामी येते. अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमांत इंधन यंत्रणेची चाचणी ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस तापमानाच्या इंधनावर होत असे. वाशीमला मे महिन्यात दुपारची हवाच तितकी तापते. म्हणून इथल्या उन्हात थोडा वेळ थांबून पुन्हा निघताना विजेचा पंप चालू करून गरम पेट्रोल नळीतून काढावे, जमिनीवरच इंजिन पूर्ण शक्तीवर नेऊन इंधनाचा दाब स्थिर राहतो का ते पाहावे आणि काटा थरथरत असेल तर उड्डाण पुढे ढकलावे.