८ जीबी की १२ जीबी? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एवढं ऐका

आजचा विषय उमरेडहून आलेल्या एका व्हॉइस मेसेजमधून निघाला. एक मित्र विचारतोय, "दादा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री गेम खेळतो. बजेटमध्ये दोनच कार्डं बसतात. आरटीएक्स ४०६०, ८ जीबी. नाहीतर जुनं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. कोणतं घेऊ?"

प्रश्न दिसतो साधा, पण त्यात पूर्ण सीझनची कमाई अडकलेली आहे. आणि मोबाइलमध्ये जसं मेमरी कार्ड टाकून जागा वाढवतो, तसं इथे चालत नाही. ग्राफिक्स कार्डाची मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली असते. घेतली तेवढीच, शेवटपर्यंत.

आधी ही मेमरी करते काय ते बघू. फोनची रॅम भरली की मागचं ॲप बंद पडतं, परत उघडलं की पहिल्यापासून लोड होतं. हा अनुभव सगळ्यांना आहे. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. स्क्रीनवर जे दिसायचं आहे त्याचं सगळं सामान तिथे ठेवलेलं असतं. आता गंमत बघा. फोर-के स्क्रीनचं एक पूर्ण चित्र साधारण ३३ एमबीचं. म्हणजे नुसत्या चित्राने ८ जीबी भरत नाही. जागा खातात ती टेक्स्चर्स: भिंतीचा रंग, कपड्याची वीण, चेहऱ्याची कातडी.

ती भरली की काय होतं? कार्ड कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून सामान मागवतं. ४०६० स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी डेटा ओढू शकतं. बाहेरच्या रॅमकडे जाणारा त्याचा रस्ता सेकंदाला जेमतेम १६ जीबीचा. हायवेवरून एकदम पांदण रस्त्यावर! म्हणून गेम मधेच झटके देतो.

मग जास्त जीबी म्हणजे चांगलं कार्ड? नाही भाऊ, इथेच फसतात लोक. जीटी ७३० हे जुनं कार्ड ४ जीबीचंही मिळतं. आकडा दिसतो मोठा, पण त्याच्या काही डीडीआर३ मॉडेलचा वेग सेकंदाला १५ जीबीच्याही आत. गोदाम मोठं, दार मात्र खिडकीएवढं. ३०६० सुद्धा दोन प्रकारचं येतं. १२ जीबीवाल्याचा मेमरी मार्ग १९२ बिटचा, ८ जीबीवाल्याचा १२८ बिटचा. नाव एक, कार्ड वेगळं. सीताबर्डीत दुकानदार नुसतं "३०६० आहे" म्हणाला, तर डब्यावरचा जीबीचा आकडा स्वतः वाचा. उमरेडहून बदलायला परत जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

आता आपली गरज कशी ओळखायची? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा. नेहमीचं काम चालू ठेवून "डेडिकेटेड जीपीयू मेमरी" बघा. ती काठोकाठ भरली आणि "शेअर्ड" वाढत चाललं, तर मेमरी कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि जीपीयू १०० टक्क्यांवर, तर चिपच कमी पडतेय. तेव्हा जास्त जीबीला पैसे देऊन उपयोग नाही. स्वतःकडे कार्ड नसेल तर मित्राच्या पीसीवर आपला प्रोजेक्ट चालवून बघा.

ढोबळ हिशोब सांगतो. १०८० पी वर व्हॅलोरंटसारखे गेम असतील तर ८ जीबी पुष्कळ झाले. नवे मोठे गेम प्लेस्टेशन ५ डोळ्यांसमोर ठेवून बनतात, आणि त्यात एकत्रित मेमरीच १६ जीबी आहे. तिथे ८ जीबीवर टेक्स्चर एक पायरी खाली आणायची तयारी ठेवा. घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर गणित सोपं: ८ अब्ज पॅरामीटर, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे १६ जीबी. तेच ४ बिटमध्ये दाबलं तर ४ जीबी, वर थोडी जागा वेगळी.

आता आपल्या मित्राचं उत्तर. ४०६० नवं आहे, गेममध्ये साधारण पुढेच राहतं, वीजही कमी घेतं: ११५ वॅट, समोर ३०६० चे १७० वॅट. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत हा फरक छोटा नाही. नुसते गेम असते तर मी ४०६० म्हटलं असतं. पण तू फोर-के मध्ये लग्नं शूट करतोस, रेझॉल्व्हमध्ये इफेक्ट्सचे थर चढवतोस. गेममध्ये मेमरी संपली तर सेटिंग खाली करता येते. रेंडरमध्ये संपली तर मेमरी भरल्याचा मेसेज येतो आणि काम तिथेच थांबतं. उद्या सकाळी नवरीच्या घरी पेनड्राइव्ह द्यायचा असतो!

म्हणून तुझ्यासाठी १२ जीबीवालं ३०६०. पॉवर सप्लाय तेवढा पेलतो का ते बघ, आणि सेकंडहँड असेल तर दुकानातच अर्धा तास लोड देऊन तपास. ज्या कामाने घर चालतं, आधी त्याच्यापुरती मेमरी घ्या. गेमचं नंतर बघू.