पूर येण्याआधीची शिकवणी

हौशी रेडिओ, म्हणजे व्यापारी हेतू न ठेवता स्वतःच्या शिक्षणासाठी, प्रयोगासाठी आणि परस्परसंपर्कासाठी शासनाच्या परवान्याने चालवलेले खासगी बिनतारी केंद्र, ही विद्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच आढळते. ती एकाच्या शेजारी दुसऱ्याने बसून उचलावी लागते. आज पदवी घेणाऱ्या स्नातकांचे अभिनंदन करणे हा दीक्षान्त समारंभाचा रिवाज आहे आणि ते अभिनंदन येथे मनापासून नोंदवले आहे. मात्र पदवीच्या कागदावर न उतरणाऱ्या या विद्येविषयी आणि ती फुकट वाटणाऱ्या माणसांविषयी बोलणे प्रस्तुत वक्त्याला अधिक निकडीचे वाटते, कारण ती माणसे एकेक करून कमी होत आहेत आणि त्यांच्या जागी बसायला फारसे कोणी पुढे येताना दिसत नाही.

या छंदाला जगभर हॅम रेडिओ म्हणतात. परवानाधारकाला एक ओळखचिन्ह दिले जाते, भारतात ते बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ या अक्षरांनी सुरू होते, आणि हवेतल्या संभाषणात माणसाची जात, हुद्दा, पगार यांतले काही न कळता फक्त ते चिन्ह आणि बोलण्याची वा मोर्सच्या ठोक्याची ढब तेवढी कळते. लघुलहरी, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी, पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेल्या आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरांवरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात, म्हणून ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिवसा कोल्हापुरातून पुणे, मुंबई, हैदराबाद गाठता येते आणि रात्री त्याहून बरेच दूर जाता येते. या सगळ्यात मधे कोणताही मनोरा, केबल किंवा कंपनी लागत नाही, ही गोष्ट स्नातकांनी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचे बरेच विवेचन तिच्यावरच उभे आहे.

वक्त्याला या विद्येची दीक्षा दिली ते गृहस्थ पेशाने कारकून होते आणि मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माळ्यावर येणाऱ्या सगळ्या पोरांचे ते ‘काका’ होते. त्यांचे नाव किंवा ओळखचिन्ह येथे सांगितलेले त्यांना रुचले नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे संच भंगारात निघाले आणि त्यांतले ग्राही, म्हणजे लहरी पकडून ऐकवणारे यंत्र, कितीतरी हौशी लोकांच्या घरी पोहोचले. काकांकडेही तसेच एक होते, आणि प्रक्षेपक मात्र त्यांनी ८०७ या क्रमांकाच्या व्हॉल्व्हवर स्वतः जुळवलेला होता. नव्याने आलेल्या मुलाला ते प्रक्षेपकाला हात लावू देत नसत, कित्येक आठवडे नुसते ऐकायला लावत, कारण हवेत आधीच कोण बोलत आहे हे न ऐकता जो बोलतो तो दुसऱ्याचे बोलणे तोडतो, हा त्यांचा पहिला धडा होता. दुसरा धडा जिवाशी संबंधित होता: व्हॉल्व्हच्या संचात कित्येकशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागांत, तो काही काळ टिकतो, म्हणून चालू संचात काम करताना एक हात खिशात ठेवायचा, जेणेकरून एका हातातून शिरलेला प्रवाह छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडणार नाही. आजच्या पदवीधरांपैकी किती जणांना हा नियम कोणी तोंडी सांगितला आहे, हे विचारण्याचा मोह येथे आवरलेला बरा.

काकांची खरी थोरवी मात्र सोल्डरिंगच्या वेळी दिसत असे. मुलाने केलेला जोड कच्चा राहिला की ते स्वतः तो दुरुस्त करत नसत. मुलाच्या हातातच सोल्डरिंगची सळई पुन्हा देत आणि वर्तमानपत्र उघडून बसत. तासभराचे काम त्यामुळे दोन संध्याकाळ चाले. त्यांच्या माळ्यावरून छपरावर आणि तिथून शेजारच्या नारळाला ताणलेली तांब्याची तार, ७ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची म्हणजे सुमारे २० मीटरची, दर वळिवाला तुटे आणि दर वेळी ती चढवण्याचे काम सगळ्यांत नवख्या मुलाकडे जाई. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि काका बोलू लागले की गल्लीतल्या पडद्यांवर रेघा उमटू लागल्या, तेव्हा तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या संचाला त्यांनी पदरमोड करून गाळणी, म्हणजे नको ती वारंवारता अडवणारे छोटे मंडल, बसवून दिली. तरीही काही शेजारी शेवटपर्यंत त्यांना हेरच समजत राहिले.

परवान्याची कथा याहून कडू आहे. त्या काळी वरच्या दर्जाच्या परीक्षेत मोर्स लिपीत मिनिटाला १२ शब्द पाठवावे आणि घ्यावे लागत. ते जमवण्यात गेलेल्या वेळाबद्दल वक्त्याची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती उत्तीर्ण झाल्यानंतरच्या काळाबद्दल, जेव्हा एका कार्यालयातून कागद दुसऱ्यात, तिथून पोलीस पडताळणीला आणि तिथून कुठेतरी अनंतात जात असे, आणि चौकशीला गेलेल्या उमेदवाराला ‘तुम्हाला हे हवे कशाला?’ असा प्रश्न विचारला जात असे. त्या प्रतीक्षेत कित्येक चांगल्या पोरांचा उत्साह मावळला. पुढे नोकरीत जे पाहावे लागले ते वेगळ्याच जातीचे होते. एका मोठ्या संपर्क कंपनीत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, बिघडलेले यंत्र उघडणाऱ्या अभियंत्याला समज दिली जात असे, कारण नियमाप्रमाणे पेटी बदलायची आणि जुनी कारखान्याला परत पाठवायची होती. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु दहा वर्षे पेट्या बदलणाऱ्या माणसाला दहा वर्षांचा अनुभव आहे असे म्हणणे ही भाषेची चैन आहे.

विद्या एकाच हातात राहिली तर काय होते, याचे उदाहरण मुंबईत घडून गेले आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी केंद्रांचे परवाने रद्द करून प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम काढले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली, वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि अवघ्या बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला, तेव्हा त्यांना प्रक्षेपक बांधून देणारे नरिमन प्रिंटर हे बिनतारी तंत्र शिकवणारे गृहस्थ होते आणि स्वतः व्हीयू२एफयू या चिन्हाचे हौशी रेडिओचालक होते. केंद्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलत राहिले, शोधपथके लहरींचा माग काढत राहिली, आणि अखेर तंत्र जाणणारा माणूसच पोलिसांच्या हाती लागून फुटल्यावर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. या घटनेकडे बहुतेक लेखक फितुरीची कथा म्हणून पाहतात. तांत्रिकाच्या नजरेने पाहिले तर केंद्राचे मर्म इतक्या थोड्या लोकांना ठाऊक होते की एक जण मोडला आणि सारे केंद्र मोडले, हा त्यातला अधिक उपयोगाचा भाग आहे.

कोल्हापुराला हे वेगळ्या वाटेने कळले. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते, तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडी रिकामी करावी लागली, शिरोळ तालुक्यातली गावे पाण्याने वेढली गेली, आणि जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा झाले. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर आणि मग डिझेलवर. रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेल पोहोचत नाही आणि मनोरा उभा असूनही मुका होतो. अशा वेळी गाडीच्या बॅटरीवर चालणारा संच, एक तार आणि ती वापरता येणारा माणूस पुरतो. पहिल्या दोन वस्तू बाजारात मिळतात. तिसरी मिळत नाही, आणि ती पूर आल्यावर तयार करता येत नाही. ती पूर येण्याआधी कोणाच्या तरी शेजारी बसून तयार झालेली असावी लागते. आजच्या भाषणात आग्रहाने सांगण्यासारखे काही असेल तर ते इतकेच आहे.

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या ते अंदमानातून जगभरच्या हौशी केंद्रांशी संपर्क साधण्यासाठी. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली आणि व्हीयू४आरबीआय हे त्यांचे केंद्र छंदाचे न राहता मदतीच्या निरोपांचे झाले. पथक तेथे असणे हा योगायोग होता, गर्दीच्या पट्ट्यातही एकेक निरोप न गाळता लिहून घेण्याची सवय मात्र योगायोगाने येत नाही. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूच्या मोजक्या हौशी केंद्रांचे क्षीण आवाज भारतातून ऐकले जात होते, तेव्हा भारतीय हौशी रेडिओ संस्थेचे आपत्तीकालीन संपर्काचे राष्ट्रीय समन्वयक होते ग्वाल्हेरचे जयू भिडे, व्हीयू२जेएयू. मराठी वाचकाला ग्वाल्हेर म्हटले की गायकी आठवते. तिथल्या एका मराठी माणसाने हवेतल्या गोंगाटातून दुसऱ्याचे संकट ऐकण्याच्या कामासाठी लोक एकत्र बांधले, याची आठवण महाराष्ट्रात फारशी कोणी ठेवलेली नाही, आणि ती ठेवली जावी असे वक्त्याला वाटते.

महाग संचांची सबब येथे चालणार नाही. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी दोन दशकांपूर्वी ‘बिटएक्स’ हा संच आखला तो भारतातल्या दुकानांत मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जुळवता यावा म्हणून, आणि त्याची वेटोळी गुंडाळायला आयात केलेल्या कड्यांऐवजी चक्क पाण्याच्या नळाचे वॉशर वापरले. आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला आणि जगभरच्या नवख्यांनी तो बांधला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि ज्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले, ज्या गावाच्या उद्यमनगरात लेथवरचा मिस्त्री आजही पोराला शब्दापेक्षा हाताने अधिक शिकवतो, त्या गावातल्या अभियंत्याने वॉशर मिळत नाही असे म्हणू नये. कोल्हापुरात सुटा भाग मिळत नाही, असे कधी झालेले वक्त्याच्या ऐकिवात नाही; शिकवणाऱ्याला सवड नाही, असे मात्र अलीकडे वारंवार ऐकू येते.

हौशी रेडिओच्या परीक्षेला १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही बसता येते, म्हणजे स्नातकांच्या धाकट्या भावंडांनाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर यांसारख्या उंचीवर पुनःप्रक्षेपक, म्हणजे खालून आलेला क्षीण संदेश पकडून त्याच क्षणी अधिक शक्तीने पुन्हा सोडणारे यंत्र, असले तर हातातल्या छोट्या संचावरूनही नदीकाठची गावे एकमेकांशी बोलू शकतात. अशा यंत्राची देखभाल करणारे हात मात्र प्रत्येक तालुक्यात असायला हवेत. स्नातकांपैकी बरेच जण पुण्याला किंवा बंगळूरला जातील आणि त्यात गैर काही नाही. जे येथे राहतील त्यांनी मृग लागण्याआधी निदान एका नवख्याला शेजारी बसवावे, त्याच्या हातून कच्चे जोड होऊ द्यावेत आणि ते स्वतः दुरुस्त करू नयेत. महाविद्यालयाच्या गच्चीवरची जुनी तार गेल्या पावसापासून तुटलेली आहे. ती चढवायला येणाऱ्यांची नावे समारंभ संपल्यावर खालच्या दालनात लिहून घेतली जातील, आणि शिडी आधीच आणून ठेवली आहे.