हत्तीची भाषा आणि मुलांची पत्रे



वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी पाठशाळेतर्फे दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. शास्त्रचर्चेची अपेक्षा आपण धरली असेल. परंतु आज मी मुलांविषयी, आणि तेही देशोदेशीच्या मुलांविषयी बोलणार आहे.

१९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील मोठमोठे प्राणी मारून टाकण्याचा हुकूम निघाला. बाँब पडून पिंजरे फुटले तर ते शहरात मोकाट सुटतील, ही भीती. विष घातलेले बटाटे हत्ती खाईनात. तेव्हा तिन्ही हत्तींना उपाशी ठेवून मरू देण्यात आले. युद्ध संपले, पिंजरे रिकामेच राहिले. १९४९ साली टोकियोतील मुलांनी आपल्या बालसभेत हा प्रश्न घेतला आणि हत्तीची मागणी थेट संसदेपर्यंत नेली. त्यांची शेकडो पत्रे पंडित नेहरूंच्या हाती आली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात म्हैसूरकडील एक हत्तीण टोकियोस पोहोचली. पंडितजींनी तिला आपल्या कन्येचे, इंदिरा हे नाव दिले होते. ही भेट माझी नव्हे, हिंदुस्थानच्या मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे, असेही त्यांनी कळविले. त्या वेळी जपानवर परक्या सैन्याचा अंमल होता. आपला व जपानचा शांततेचा करार पुढे १९५२ साली झाला. थोरांच्या सह्या होण्याच्या तीन वर्षे आधी मुलांचा व्यवहार पुरा झाला होता!

या कथेतील मला सर्वांत प्रिय भाग निराळाच आहे. इंदिरेस कानडीखेरीज दुसरी भाषा कळत नव्हती. 'बस', 'ऊठ' म्हणावयाचे तरी जपानी रखवालदारांना सोबत गेलेल्या माहुतांपाशी बसून कानडी शब्द घोकावे लागले. भेट स्वीकारणे हेही फुकटचे काम नाही. घेणाऱ्याला काही शिकावे लागते. १९८३ साली इंदिरेचा अंत झाला. तोवर जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तिला पाहिले.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पत्रे लिहिली ती तिकडच्या मुलांनी. उत्तर दिले ते आपल्या पंतप्रधानांनी. ज्यांच्या नावाने हत्ती गेला, त्या आपल्या मुलांच्या हातून फारसे काही घडले नाही.

आपल्या हैदराबादेस ही उणीव काही अंशी भरून काढण्याची संधी मिळाली. १९९५ पासून आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव येथे भरू लागला. २०१७ साली त्याची विसावी आवृत्ती येथेच झाली. त्याचे मानचिन्हही सोनेरी हत्तीचे, हा योगायोग मौजेचा आहे. शाळाशाळांतून मुले चित्रपटगृहांत नेली जात, आणि परीक्षकांत मुलांचेही एक मंडळ असे. मुलांनी नुसते पाहावे असे नव्हे, तर निवाडाही करावा, ही त्यातील कल्पना मला फार योग्य वाटते. परंतु अंधारात पडदा पाहून परदेशचे मूल दिसते. त्याला आपण दिसत नाही.

म्हणून माझी विनंती पत्रव्यवहाराची आहे. लंडनमध्ये १९७५ साली स्थापन झालेली सेंट जेम्स नावाची शाळा आहे. तेथील इंग्रज मुले लहानपणीच देवनागरी गिरवतात, संस्कृत शिकतात. आपल्या पाठशाळेतील मुलांच्या घरी कोठे मराठी, कोठे तेलुगू, कोठे कानडी. मग हैदराबादच्या बटूने लंडनच्या मुलास संस्कृतात पत्र का लिहू नये? ती भाषा दोघांपैकी कोणाच्याच आईची नाही. दोघांनाही सारखेच कष्ट. कोणी यजमान नाही, कोणी याचक नाही.

काही ज्येष्ठ भक्तांना हे रुचलेले नाही, हे मी जाणतो. मुलांचे पाठांतर मागे पडेल, आचारात शैथिल्य येईल, अशी त्यांची चिंता आहे. ती चिंता प्रेमापोटीच आहे. तिचा मी उपहास करणार नाही. परंतु आमची मुले अमरकोश धडाधड म्हणतात आणि 'काल पाऊस पडला म्हणून मी उशिरा आलो' एवढे वाक्य संस्कृतात लिहिताना अडखळतात. जी भाषा केवळ मुखात आहे, हातात नाही, ती आपण त्यांना पुरती दिली असे कसे म्हणावे?

वर्गात हा विचार मी मांडला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, बोनालूला संस्कृतात काय म्हणावे?" दुसरा म्हणाला, "त्यांना आंबा ठाऊक असेल का?" अर्धा तास वर्ग शांत होता; सर्व जण लिहीत होते.

पंधरवड्यातून एक तास मला द्यावा, तोही सायंकाळच्या पाठानंतर. टपालखर्चाचा भार मठाच्या कोशावर पडू नये. तो चार-पाच गृहस्थांनी उचलावा. येणारे प्रत्येक पत्र आधी सभामंडपात वाचले जाईल. ज्यांना शंका आहे त्यांनी त्या वेळी अवश्य यावे, आणि शक्य झाल्यास त्यातील चुका मुलांआधी शोधून काढाव्यात.