तापाची पहिली रात्र आपल्या हाती



परभणी जिल्ह्यातल्या मुलांच्या ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, उपचार छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात सुरू होतात. पण किमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये लेकरू जिंतूर, पालम, सोनपेठच्या आपल्या घरी येते. नेमक्या त्याच दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, पाचशेच्या खाली गेलेले असू शकतात. शिवारात सोयाबीनची मळणी चालू असते, भुसा उडत असतो. कुजक्या काडीकचऱ्यावर वाढणाऱ्या बुरशीचे, म्हणजे अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू आपण सारेच श्वासातून घेतो, आपल्याला काही होत नाही. या लेकराच्या फुप्फुसात मात्र ते मूळ धरतात.

सुरुवातीला नुसता ताप असतो. एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, फुप्फुसातली गाठ सीटी स्कॅनमध्येच दिसते. म्हणून जोखमीच्या मुलाचा ताप प्रभावी अँटिबायोटिक देऊनही 96 तासांत उतरला नाही, तर पक्क्या पुराव्यासाठी न थांबता बुरशीविरोधी औषध सुरू करण्याचा विचार करावा लागतो. ते निवडताना डोळ्यांत तेल घालावे लागते. फ्लुकोनॅझोल अ‍ॅस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल चालते, पण म्युकर या दुसऱ्या बुरशीवर नाही. शिवाय व्हिन्क्रिस्टिन या किमोच्या औषधाच्या जोडीने दिले तर मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका वाढतो. अ‍ॅम्फोटेरिसिन बहुतेक वेळा दोन्हींवर चालते, मात्र त्याचे जुने रूप मूत्रपिंडांना झेपत नाही. त्याचे लायपोसोमल रूप भारतात घडवण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेव्हा काम करणाऱ्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोलाचा वाटा आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. याच इंजेक्शनसाठी 2021 मध्ये म्युकरच्या साथीत नातेवाइकांनी दारोदार केलेली वणवण आपण विसरलेलो नाही.

मोठी शहरे लांब आहेत, ताप मात्र रात्री-अपरात्री गावातच येतो. तेव्हा लेकराचे भवितव्य तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती असते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: ल्युकेमियाच्या प्रत्येक मुलाच्या फाइलवर उपचार करणाऱ्या केंद्राचा फोन नंबर ठळक लिहिलेला असू द्या, ताप येताच तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या, आणि बुरशीविरोधी औषध सुरू करण्याआधी त्या केंद्राशी बोला. अ‍ॅम्फोटेरिसिनचा साठा जिल्ह्यातच राहावा, असा ठराव आज आपण सर्वांनी मिळून करावा.