टर्बो बसवण्याआधी उष्णतेचा हिशेब

मी बोरसीहून बोलतोय. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या आसपास जातो, आणि आजच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. मुळातच जास्त कॉम्प्रेशन असलेल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला टर्बो किंवा सुपरचार्जर बसवावा का?

हवा दाबून आत घालणं भिलाईकरांना नवीन नाही. फेब्रुवारी 1959 मध्ये इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तिच्यातही ब्लोअरने हवा ढकलली जाते. जास्त हवा म्हणजे जास्त ज्वलन. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हेच करतो, सुपरचार्जर क्रँकवरच्या पट्ट्यावर फिरून. पण एक मोठा फरक आहे. भट्टीला हवा मुद्दाम तापवून देतात. पेट्रोल इंजिनाला तापलेली हवा सोसत नाही.

हिशेब करून बघा. बाहेर 44 अंश आहेत. टर्बोने अर्धा बार दाब वाढवला आणि त्याची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हवा सुमारे 55 अंशांनी तापते. म्हणजे इंजिनात शिरण्याआधीच ती शंभरीला पोचते. पुढे 12.5 कॉम्प्रेशनचा पिस्टन तिला आणखी दाबतो, तेव्हा त्या 55 अंशांचे ढोबळमानाने 130 होतात. मग ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका जुन्या स्पोर्ट्स गाडीला मी टर्बो किट बसवलं. पिस्टन मूळचेच ठेवले. हिवाळाभर गाडी वाऱ्यासारखी पळाली. मे महिन्यात राजनांदगावच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मी पाय काढला नाही. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन दोन रिंगांच्या मधोमध तुटलेला होता. वर्षभराची बचत गेली. दोष किटचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

कंपन्या काय करतात ते पाहा. टोयोटा 86 आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्यांचं 2 लिटरचं इंजिन 12.5 कॉम्प्रेशनचं, 200 अश्वशक्तीचं. त्याच घराण्यातलं इंजिन सुबारूने डब्ल्यूआरएक्समध्ये टर्बोसह दिलं, तेव्हा कॉम्प्रेशन 10.6 वर आणलं. जुळ्या गाड्यांच्या पुढच्या पिढीला जास्त ताकद हवी होती, तेव्हाही टर्बो दिला नाही. इंजिन 2.4 लिटरचं केलं आणि कॉम्प्रेशन 12.5 च ठेवलं. ज्यांनी इंजिन घडवलं, तेच दोन्ही गोष्टी एकदम मागत नाहीत.

म्हणजे करूच नये का? करता येतं, पण क्रम पाळा. आधी कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन. मग मोठा इंटरकूलर, पुरेसे इंजेक्टर, पुरेसा पंप. मग ट्यूनिंग, आणि तेही आपल्याला पंपावर रोज मिळणाऱ्या पेट्रोलवर. इथेनॉल नॉकिंगला चांगलं आवरतं, पण त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ते जास्त लागतं. पिस्टन मूळचेच ठेवायचे असतील तर दाब अगदी कमी ठेवा आणि ठिणगीची वेळ मागे घ्या. मात्र वेळ फार मागे घेतली की एक्झॉस्ट तापतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि ट्यूनिंगची शेवटची चाचणी डिसेंबरच्या पहाटे नको, मेच्या दुपारी डायनोवर घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याच्या अटीही आधी वाचा.

खड्यांचा तो आवाज आला, तर मंडळी, पाय लगेच काढा.